कोणती वायर कोणाशेजारी: घरच्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरचं वायरिंग

सातपूरच्या एका कारखान्यात मी २९ वर्षं कंट्रोल पॅनलचं वायरिंग केलं. पॅनलमध्ये चांगलं वायरिंग कशाला म्हणतात, हे सांगायला दोन मिनिटंही लागत नाहीत. सगळ्या वायरी एका दिशेने, कोपरा आला की सगळ्यांनी मिळून काटकोनात वळायचं, जुडगं घट्ट, आणि प्रत्येक टोकाला नंबराची फेरूल. निवृत्त झाल्यावर दुपारी हाताला काही सुचेना. भाचा इलेक्ट्रॉनिक्सवाला, त्याने नाद लावला आणि मी व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या नळ्यांचा, अँप्लिफायर बांधायला घेतला. तो अर्थातच पॅनलसारखा बांधला. अडीच महिने लागले. उलटा करून बघितला तर पैठणीच्या काठासारख्या रंगांच्या रांगा.

चालू केला. व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले आणि अर्ध्या मिनिटात स्पीकरमधून शिट्टी सुरू झाली. बारीक, एकसुरी, थांबायचं नाव नाही. भाचा वाकून बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, “मावशी, काम इतकं देखणं आहे की हात लावायला जीव होत नाही गं. पण हे ओरडतंय.”

बंद करून, कपॅसिटर रिकामे करून त्याने जुडग्याच्या दोन गाठी कापल्या. पुन्हा चालू केला. माझी स्वेटर विणायची बांबूची सुई घेतली आणि जुडग्यातली हिरवी वायर तिने हलकेच बाहेर ढकलली. शिट्टीचा सूर बदलला. आणखी दोन बोटं ढकलली, शिट्टी थांबली. परत जवळ आणली, परत शिट्टी.

हिरवी वायर म्हणजे आत येणारा सिग्नल, काही मिलिव्होल्टांचा. तिच्या अंगाला अंग लावून वीतभर निळी वायर चालली होती, ईएल ८४ या शेवटच्या, पॉवर व्हॉल्व्हच्या प्लेटची. प्लेट म्हणजे मोठा झालेला सिग्नल जिथून बाहेर पडतो ती पिन. तिच्यावर तोच सिग्नल हजारो पट मोठा होऊन नाचत असतो. दोन वायरी चिकटून ठेवल्या की त्यांच्यात आपोआप एक छोटा कपॅसिटर तयार होतो, दहाएक पिकोफॅरडचा, आणि तेवढ्यातून मोठा सिग्नल मागे झिरपतो. या सर्किटमध्ये दोन स्टेज आहेत. प्रत्येक स्टेज सिग्नल उलटा करते, म्हणजे दोनदा उलटून तो सुलट झालेला असतो. सुलट सिग्नल स्वतःच्याच तोंडात परत गेला की अँप्लिफायरचा ऑसिलेटर, म्हणजे आपणहून शिट्टी वाजवणारा डबा, झालाच.

त्यानंतर मी आणखी चार अँप बांधले. पॅनलची सवय पूर्ण गेली नाही, पण एक कळलं. इथलं वायरिंग म्हणजे लग्नाची पंगत मांडणं. कोणाला कोणाशेजारी बसवायचं नाही हे आधी ठरवायचं, पानं सरळ रांगेत मांडायची ती नंतर. हे लक्षात ठेवलं तर मात्र या कामासारखा विसावा नाही. मी दुपारी दोन ते चार बसते, फोन आतल्या खोलीत ठेवते, आणि दिवसाला सात-आठ जोड झाले की उठते.

आधी जिवाची गोष्ट

या डब्यात ३०० व्होल्टच्या आसपास डीसी असतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटर तो धरून ठेवतात. म्हणून पहिल्या कपॅसिटरला समांतर २२० किलोओहम, २ वॅटचा रेझिस्टर कायमचा लावा. सगळे मिळून १०० मायक्रोफॅरडभर कपॅसिटर असतील तर ते रिकामे व्हायला दोनेक मिनिटं घेतात. तरीही हात घालण्याआधी मीटर लावून बघायचं, दर वेळी. चालू अँपमध्ये मोजताना मीटरची काळी वायर क्लिपने ग्राउंडला अडकवायची, लाल प्रोब एका हातात, दुसरा हात पाठीमागे.

आणि बायकांनो, बांगड्या काढून ठेवा. मंगळसूत्रसुद्धा. वाकलं की ते थेट चॅसीत, म्हणजे अँपच्या धातूच्या डब्यात, लोंबतं. कारखान्यात हा नियमच होता, घरी तो कोणी सांगायला येत नाही. ज्याला मेन्सच्या कामाची अजिबात सवय नाही त्याने पहिला अँप जाणकाराला शेजारी बसवूनच चालू करावा.

काय बांधायचं

सुरुवातीला सिंगल एंडेड ईएल ८४, म्हणजे एका बाजूचं सगळं काम एकच पॉवर व्हॉल्व्ह करतो. डाव्या-उजव्या बाजूला एकेक ईएल ८४, दोघांत मिळून एक ईसीसी ८३, आणि एसीचा डीसी करायला ईझेड ८१. चार व्हॉल्व्हमध्ये स्टीरिओ. ही नावं गाडीच्या नंबरप्लेटसारखी वाचता येतात. ई म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर (व्हॉल्व्ह आतून तापवणारी तार), सी म्हणजे ट्रायोड (सीसी म्हणजे एका काचेत दोन), एल म्हणजे पॉवर पेंटोड, झेड म्हणजे फुलवेव्ह रेक्टिफायर, आणि आठाने सुरू होणारा आकडा म्हणजे नऊ पिनांचा नोव्हल पाया.

आउटपुट जेमतेम ५ वॅट. हॉलला भरपूर होतं, गणपतीच्या मंडपाला नाही.

व्हॉल्व्हसाठी मी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाते, तिथून लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड पालथा घालते. नवे व्हॉल्व्ह रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये बनतात. नशीब असेल तर एखाद्या दुकानाच्या माळ्यावर बीईएलचे निघतात, म्हणजे आपल्या बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे. पुण्याचे लोक बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार बघतात. जुन्या बाजारात मी व्हॉल्व्हपेक्षा टॅग स्ट्रिपा (वायरी जोडायला धातूचे कान असलेल्या पट्ट्या) आणि नॉब शोधते, ते स्वस्त आणि पक्के मिळतात.

ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगवाल्याकडून करून घ्या. मेन्सचा: २५०-०-२५० व्होल्ट, १५० मिलिअँपिअर, आणि ६.३ व्होल्टचं ४ अँपिअरचं वाइंडिंग. हीटरचा हिशेब असा: ईएल ८४ला ०.७६ अँपिअर, दोनाचे १.५२, ईसीसी ८३ला ०.३, ईझेड ८१ला १. एकूण २.८२, म्हणून ४चं सांगायचं म्हणजे गरम होत नाही. आउटपुटचा: सुमारे ५ किलोओहम ते ८ ओहम, आणि “सिंगल एंडेडचा” असं ठासून सांगायचं. यात ५० मिलिअँपिअर डीसी एकाच दिशेने वाहत राहतो, त्यामुळे पट्ट्यांमध्ये फट ठेवलेली नसेल तर गाभा भरून जातो आणि खर्ज मरतो. पुशपुलचा, म्हणजे दोन पॉवर व्हॉल्व्ह जोडीने काम करतात त्या सर्किटचा, ट्रान्सफॉर्मर इथे उपयोगाचा नाही.

किमती सांगत नाही, दर खेपेला वेगळ्या ऐकते.

कागदावर

चॅसी २ मिलिमीटर ॲल्युमिनियमची, साधारण १२ बाय ८ इंच आणि अडीच इंच खोल. भोकं पाडायच्या आधी पूर्ण मापाचा नकाशा आलेख कागदावर काढा. मी पहिल्यांदा वरून दिसतं तसा काढला होता. वायरिंग करायचं खालून! खालून सगळं आरशातल्यासारखं उलटतं, डावा चॅनल उजवीकडे जातो. नशीब, कागदावरच लक्षात आलं. नकाशा खालच्या बाजूचाच काढायचा आणि पिना खालून बघून, मोकळ्या जागेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजायच्या.

मेन्सचा ट्रान्सफॉर्मर एका टोकाला, इनपुटची सॉकेटं दुसऱ्या टोकाला. आउटपुट ट्रान्सफॉर्मर मेन्सच्या ट्रान्सफॉर्मरला काटकोनात. हे डोळ्यांनी ठरवू नका, कानांनी ठरवा. दोन्ही ट्रान्सफॉर्मर टेबलावर ठेवा, फक्त मेन्सचा चालू करा (बाकीची टोकं टेपने नीट झाकून), आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या ८ ओहमच्या बाजूला जुना हेडफोन जोडा. मग आउटपुट ट्रान्सफॉर्मर हळूहळू फिरवा. गुणगुण कमी-जास्त होते आणि एका कोनात जवळपास नाहीशी होते. तिथे पेन्सिलने खूण. एकदा स्क्रू बसले की वायरिंग कितीही सुबक करा, ही गुणगुण मागे जात नाही.

रंगांची जुनी परदेशी पद्धत मी जशीच्या तशी घेतली: हीटर तपकिरी, ग्राउंड काळा, हायटेन्शन (तो ३०० व्होल्टचा डीसी) लाल, स्क्रीन ग्रिड नारिंगी, कॅथोड पिवळा, कंट्रोल ग्रिड (व्हॉल्व्हमध्ये सिग्नल आत जातो ती पिन) हिरवा, प्लेट निळी. खालून एक नजर टाकली की निळा आणि हिरवा किती जवळ आलेत ते दिसतं, आणि सगळा खेळ तोच आहे. फक्त आपल्याकडे हिरवा म्हणजे अर्थिंग हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं, म्हणून अर्थिंगला मी हिरवी-पिवळी पट्ट्यांचीच वायर वापरते.

हीटर

वायरिंगची सुरुवात हीटरपासून, कारण ती वायर सगळ्यात खाली, चॅसीच्या कोपऱ्यात जायची असते. नंतर ती घुसवायची म्हटलं की बाकी सगळं उचकटावं लागतं.

यात जवळजवळ ३ अँपिअर एसी वाहतो. दोन वायरी एकमेकींना पीळ घालून नेल्या की एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरी खोडून काढते. पीळ सैल असेल तर खोडणं अर्धवट राहतं आणि ५० हर्ट्झचा “घूं” ऐकू येतो. वायर एकेरी तारेची, १ चौरस मिलिमीटर. तीन हात लांब तुकडा घ्या, मधोमध दुमडा, दुमड दाराच्या कडीत अडकवा, दोन्ही टोकं हँड ड्रिलच्या तोंडात घट्ट धरा. वायर ताणून धरायची आणि ड्रिलचं हँडल सावकाश फिरवायचं. एका इंचात तीन पीळ पुरे. थांबल्यावर ड्रिल लगेच सोडू नका, नाहीतर वायर सापासारखी उलट फिरते. आधी एकदा जोरात मागे ओढायची, तार किंचित ताणली जाते आणि पीळ बसतो. मग सोडायची. हा एक ओढा मला फार आवडतो, हाताला कळतं की बसलं.

ट्रान्सफॉर्मरपासून पहिला ईझेड ८१, मग दोन्ही ईएल ८४, शेवटी ईसीसी ८३. म्हणजे सगळ्यात नाजूक व्हॉल्व्हजवळ सगळ्यात कमी करंट. ईझेड ८१चा कॅथोड हीटरपासून नीट इन्सुलेट केलेला असतो, म्हणून तो याच वाइंडिंगवर चालतो. ईएल ८४ आणि ईझेड ८१चा हीटर ४ आणि ५ पिनेवर. ईसीसी ८३ला मात्र ४ आणि ५ एकत्र जोडायच्या आणि दुसरी वायर ९वर. इथे नवशिके हमखास चुकतात. पीळ कोपऱ्यातून सॉकेटसमोर आला की सरळ वर चढवायचा आणि पिनेपासून नखभर अंतरापर्यंत पीळ सोडायचा नाही. शेवटी हीटरच्या दोन्ही वायरींपासून ग्राउंडला एकेक १०० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे हीटर हवेत लोंबकळत राहत नाही.

ग्राउंड

याच्यावर वाद घालायला लोकांना आवडतं. मी एकच पद्धत वापरते आणि पाचही अँप शांत आहेत (पहिलासुद्धा, आता).

१६ गेजची टिन्ड तांब्याची उघडी तार, हातांनी ताणून सरळ केलेली, चॅसीच्या मधून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. टॅग स्ट्रिपांवर उचलून धरलेली, चॅसीला कुठेही न टेकणारी. या तारेवर जागा क्रमाने: सुरुवातीला पहिला फिल्टर कपॅसिटर, मग चोकनंतरचा (चोक म्हणजे डीसीतली थरथर अडवणारी कॉइल) दुसरा, मग ईएल ८४चे कॅथोड, मग ईसीसी ८३, शेवटी इनपुट. चॅसीशी जोड फक्त एकदा, इनपुटच्या टोकाला. इनपुटची सॉकेटं प्लॅस्टिकच्या वॉशरने चॅसीपासून वेगळी.

मेन्स ट्रान्सफॉर्मरचा मधला टॅप तारेवर न आणता थेट पहिल्या कपॅसिटरच्या मायनस पायावर न्यायचा आणि तिथून तारेवर यायचं. या दोघांमध्ये सेकंदाला १०० वेळा करंटचे मोठे धक्के बसतात. ते धक्के त्यांनी आपसात बघून घ्यावेत, घरभर फिरवू नयेत. हे चुकलं की “घूं”ऐवजी “झर्रर्र” ऐकू येतं. दोन आवाज कानाने ओळखायला शिका: ५०चा घूं हीटर किंवा ट्रान्सफॉर्मरच्या कोनाकडे बोट दाखवतो, १००चा झर्रर्र सप्लाय आणि ग्राउंडकडे.

मेन्सची अर्थिंगची वायर मात्र वेगळ्या बोल्टने, वायर आत येते तिथेच, रंग खरवडून थेट चॅसीला. तो बोल्ट दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही. फ्यूज ६३० मिलिअँपिअर, स्लो ब्लो, आणि तो स्विचच्या आधी.

बोर्ड आणि जोड

रेझिस्टर आणि कपॅसिटर ३ मिलिमीटरच्या हायलम शीटवर (वीज न वाहणारी कडक शीट) दोन रांगांत बसवलेल्या पितळी टॅगांवर. घरी करायचा असेल तर मूल्यं अशी: ईसीसी ८३च्या प्लेटला १०० किलोओहम, कॅथोडला दीड किलोओहम, ग्रिडला १ मेगाओहम. तिथून ०.१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा कपॅसिटर. ईएल ८४च्या ग्रिडला ४७० किलोओहम, कॅथोडला १५० ओहम ५ वॅटचा आणि त्याला समांतर १०० मायक्रोफॅरड. फिल्टरचे कपॅसिटर ४५० व्होल्टचे, कारण लोड नसताना २५०च्या वाइंडिंगवरून ३५० व्होल्ट चढतात. ईझेड ८१च्या लगेच पुढचा कपॅसिटर ५० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा लावायचा नाही, त्या व्हॉल्व्हची तेवढीच मर्यादा आहे. मोठा लावून आवाज सुधारतो असं ऐकलं तर दुर्लक्ष करा.

वायर मी चांदीच्या मुलाम्याची, टेफ्लॉनची वापरते. पीव्हीसी सोल्डर करताना मागे सरकतं आणि टोकाशी उघडी तार दिसत राहते, ते मला खपत नाही. वायर आधी सरळ करायची: एक टोक व्हाइसमध्ये, दुसरं पकडीत, आणि एक हलका झटका. मग शिवणाच्या दोऱ्याने वायरचा मार्ग मोजायचा, दोन सेंटिमीटर जास्त धरून कापायची. वळण पकडीने नाही, अंगठ्याने, पेनच्या रिफिलभोवती. पकडीने वळवलेल्या वायरीवर दात उमटतात आणि तार तिथे कधीतरी तुटते.

आता जोड, सावकाश. टॅगभोवती वायरचा अर्धाच वेढा, तीन वेढे नाहीत. उद्या काढायची वेळ आली की तुम्हीच स्वतःला शिव्या द्याल. माझा सोल्डरॉनचा २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न आहे आणि सोल्डर ६०:४०. टोक ओल्या स्पंजवर पुसायचं, त्यावर सोल्डरचा कणभर ठिपका घ्यायचा म्हणजे उष्णता पटकन उतरते. टोक टॅगला आणि वायरीला एकदम टेकवायचं. एक, दोन. मग सोल्डर आयर्नला नाही, टॅगच्या दुसऱ्या अंगाला लावायचं. धातू पुरेसा तापला असेल तर गरम पोळीवर तूप पसरतं तसं ते स्वतःहून पसरतं, वायरीच्या कडेने वर चढतं. आधी सोल्डर दूर, मग आयर्न दूर, आणि तीन सेकंद काहीही हलवायचं नाही. या तीन सेकंदांत मी श्वासही रोखते. चांगल्या जोडात आतल्या वायरीचा आकार दिसतो. गोळा झाला असेल, किंवा पृष्ठभाग राखेसारखा मळकट असेल, तर पुन्हा तापवा. राळेचा धूर नाकात जाऊ नये म्हणून छोटा पंखा बाजूला ठेवते, आणि सोल्डरमध्ये शिसं असतं म्हणून टेबलावर चिवड्याची वाटी ठेवत नाही. हात धुतल्याशिवाय चहासुद्धा नाही.

प्रत्येक जोड झाला की सर्किटच्या कागदावर ती रेघ पिवळ्या पेन्सिलीने गिरवायची. पॅनलची ही सवय मात्र इथे अगदी जशीच्या तशी चालते. शेवटी एकही काळी रेघ उरता कामा नये.

जुडगं बांधणं

प्लॅस्टिकचे टाय मला आवडत नाहीत. गोधडी शिवायचा जाड सुती दोरा घ्यायचा आणि मेणाच्या खड्यावरून दोन-तीनदा ओढायचा. मेणामुळे गाठ सरकत नाही आणि दोरा बोटांना चिकटल्यासारखा राहतो.

सुरुवातीला दोरा जुडग्याभोवती एकदा, मग पहिल्या वेढ्याला तिरका ओलांडून दुसऱ्यांदा, आणि टोक त्या ओलांडणीखालून बाहेर. वर एक साधी गाठ. पुढच्या प्रत्येक ठिकाणी मात्र युक्ती आहे. दोऱ्यात आपण साधी एकेरी गाठ मारतो ना, तीच गाठ मारायची, फक्त तिच्या फासात जुडगं असायला हवं. मी पहिल्यांदा गजरा बांधते तशी, नुसता फास फिरवून ओढत गेले. दिसायला दोन्ही सारखंच दिसतं. फरक कळायचा असेल तर पेन्सिलीवर पाच गाठी मारा आणि पेन्सिल बाहेर ओढा. गजऱ्याची गाठ असेल तर दोरा सरळ मोकळा होतो. बरोबर गाठ असेल तर दोऱ्यावर पाच गाठी तशाच राहतात. म्हणजे उद्या एका जागी दोरा तुटला तरी बाकीचं जुडगं सुटत नाही. दोन गाठींत दीड-दोन सेंटिमीटर अंतर, आणि सगळ्या गाठी एकाच अंगाला.

पण जुडग्यात कोण? लाल वायरी, पॅनलवरच्या दिव्याच्या वायरी, काळ्या, एवढंच. म्हणजे ज्यांच्यावर डीसी आहे किंवा जवळपास काहीच नाही. हीटरचा पीळ स्वतंत्र. मेन्सच्या वायरी स्वतंत्र, मागच्या भिंतीला चिकटून. निळ्या वायरी एकेकट्या, आउटपुट ट्रान्सफॉर्मरकडे सगळ्यात जवळच्या वाटेने, ग्रोमेटमधून लगेच वर. आणि हिरव्या वायरी कोणाच्याच शेजारी नाहीत.

हिरवी वायर

ही सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात आखूड. इथे काटकोन विसरायचा. व्हॉल्यूमच्या पॉटपासून (नॉबखालच्या बदलत्या रेझिस्टरपासून) ईसीसी ८३च्या २ आणि ७ पिनेपर्यंत शील्डची वायर, जाळी फक्त एकाच टोकाला ग्राउंड केलेली. ती चॅसीला चिकटून जाते. दुसरी कुठलीही वायर तिला ओलांडणार असेल तर अधिकाच्या चिन्हासारखी, काटकोनात, आणि शक्य तेवढी वरून. ईएल ८४च्या २ नंबरच्या पिनेला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावायचा, तो बोर्डवर नाही, थेट पिनेवर, त्याचा पाय ३-४ मिलिमीटरपेक्षा लांब नको. दूर बसवला तर मधली वायर अँटेना होते आणि रेझिस्टर असून नसल्यासारखा.

माझ्या ताज्या अँपमध्ये एक हिरवी वायर सॉकेटपासून बोर्डपर्यंत सरळ तिरकी हवेतून जाते. कारखान्यात अशी वायर दिसली असती तर मी स्वतः काढायला लावली असती. दिसते वाईट, पण आहे बरोबर. मी तिला तशीच ठेवली आहे.

चालू करताना

इलेक्ट्रिशियन वापरतात तो सिरीज बोर्ड लागेल, म्हणजे मेन्स आणि अँपच्या मध्ये बल्ब टाकणारा, त्यात ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब. एलईडी इथे चालत नाही. आधी एकही व्हॉल्व्ह न लावता. बल्ब क्षणभर लुकलुकून विझायला हवा. पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बंद करा आणि कागद काढा. मग स्पीकर जोडा. स्पीकरशिवाय व्हॉल्व्हचा अँप कधीही वाजवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटू शकतं. मग व्हॉल्व्ह. बल्ब मंद पेटेल, ते ठीक. वास, धूर, प्लेट लालबुंद यातलं काही नसेल तर बल्ब काढून थेट मेन्सवर.

मोजायच्या जागा थोड्याच. ईएल ८४च्या ७ नंबरवर २५० व्होल्टच्या आसपास. ३ नंबरवर ७ ते ७.५. दीडशे ओहमवर साडेसात व्होल्ट म्हणजे ५० मिलिअँपिअर, हवं तेच. ईसीसी ८३च्या प्लेटवर १३० ते १७०, कॅथोडवर एक-सव्वा. ईएल ८४चा कॅथोड ९च्या वर गेला तर २ नंबरची पिन मोजा. तिथे शून्य हवं. पॉझिटिव्ह व्होल्टेज दिसलं तर आधीचा ०.१चा कपॅसिटर गळतोय. जुन्या बाजारातून आणलेल्या कपॅसिटरमुळे माझं हे दोनदा झालं. तेव्हापासून तिथून कपॅसिटर आणायचं बंद.

गुणगुण असेल तर व्हॉल्यूम शून्य करा. गेली तर दोष इनपुटच्या बाजूला. नाही गेली तर बंद करून ईसीसी ८३ उपसा आणि परत चालू करा. तरी येत असेल तर ईएल ८४ किंवा सप्लाय. आणि बारीक शिट्टी असेल तर विणायची सुई आहेच, लाकडाची किंवा बांबूची. ॲल्युमिनियमची चुकूनही नको.

भाच्याने परवा सुचवलं, “मावशी, खालून ॲक्रिलिकची पारदर्शक पट्टी लाव ना, लोकांना तुझं काम तरी दिसेल.” लावून बघितली. मोबाइल शेजारी ठेवला की टर्रटर्र ऐकू यायला लागली, शील्ड उघडी पडलेली. म्हणून ॲल्युमिनियमचीच पट्टी, आठ स्क्रू, चार रबरी पाय. पट्टीच्या आतल्या अंगाला मोजलेल्या व्होल्टेजचा कागद चिकटवते, पेन्सिलीने तारीख घालून.